मामाजींचा डोळा आणि माझी लेन्स

माझ्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्या कार्यक्रमाचा ठरलेला फोटोग्राफर मी रद्द केला आणि फोटो स्वतः काढले.

एवढ्यावरून ज्यांना पुढचं सगळं कळलं ते माझे नातेवाईक असावेत. बाकीच्यांसाठी सांगतो.

मी अमरावतीला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि माझ्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. घरातली चालू घड्याळं दुरुस्त करून मी बंद पाडलेली आहेत. गेल्या वर्षी परतवाड्याला जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांकडे पुस्तकं बघायला गेलो, पुस्तकं तिथेच राहिली आणि मी त्यांचा जुना रशियन कॅमेरा घेऊन आलो. रोलवाला! अंगानं इतका जड, की वाटेत कुत्रं अंगावर आलं तर त्याचा फोटो काढावा की कॅमेराच फेकून मारावा, असा प्रश्न पडावा.

या जातीच्या कॅमेऱ्याची गंमत अशी, की त्यात लेन्समधून काही दिसतच नाही. लेन्स आपली समोर बघत असते आणि आपण बाजूच्या एका चिमुकल्या खिडकीतून बघायचं. खिडकीत समोरचा माणूस दोन-दोन दिसतो. लेन्सची कडी फिरवत फिरवत त्या दोघांना एकमेकांवर आणायचं. दोघांचा एक झाला, की फोकस झाला.

इथवर कोणाचं काहीही बिघडलं नव्हतं. पण त्याची जुनी लेन्स मला मंद वाटायला लागली. मग मी इंटरनेटवरून आजच्या जमान्यातली एक झगझगीत चिनी लेन्स मागवली. (किंमत लिहीत नाही. हे घरातही वाचलं जातं.) अंधाऱ्या गोठ्यात काळ्या म्हशीचा फोटो निघेल एवढा उजेड ती आत घेते म्हणे. फक्त ती पूर्ण उघडी ठेवली की फोकस भाकरीच्या पापुद्र्याएवढा पातळ होतो. माणसाचं नाक स्पष्ट असेल तर कान धुक्यात जातात. हेच तर खरं सौंदर्य, असं इंटरनेटवरची सगळी दाढीवाली पोरं सांगत होती.

"मंग मानसाचं नुसतं नाकच पाह्याचं का?" सुषमानं, म्हणजे आमच्या मंडळींनी विचारलं.

"तुला नाही कळायचं. बाकी सगळं विरघळून जातं."

"मानूस विरघळते?"

"मागचं सगळं विरघळतं! माणूस तेवढा उठून दिसतो."

लेन्स विकणाऱ्यानं एक गोष्ट मात्र बजावली होती. जुना कॅमेरा आणि नवी लेन्स यांचं एकमेकांशी जमतंच असं नाही, तेव्हा आधी एक रोल काढून, धुवून, पडताळून बघा. मी महिनाभर पडताळून बघितलं. कूकरवर, सुषमावर, समोरच्यांच्या गच्चीतल्या टाकीवर रोज कॅमेरा रोखला. फक्त त्यात रोल टाकला नव्हता.

आता अकोल्याकडे वळतो.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होते. माणूस करडा. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे आपल्यामागं भिंतीवर लागणाऱ्या फोटोची. कारण त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही. शेवटी कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि मोठं केलं. आजही हार घातलेल्या त्या फोटोत थोरल्या मामाजींच्या खांद्यावर एक हात आहे. कोणाचा, हे कोणालाही सांगता येत नाही.

"माहा असा फोटो नोको लावजा," मामाजी आल्यागेल्याला सांगत. "जित्तेपणी काढाचा. दोघायचा संग काढाचा. ना कोनाचा हात, ना कोनाचा पाय."

अडचण मामींची, म्हणजे सासूबाईंची होती. त्यांच्या लग्नात फोटोवाला नव्हता आणि त्यानंतर पन्नास वर्षं त्या कॅमेऱ्यासमोर आल्याच नाहीत. घरातल्या सगळ्या अल्बममध्ये मिळून मामींचं एक कोपर, ताट धरलेला एक हात आणि पुष्कळसा पदर आहे. चेहरा नाही! पण या पन्नाशीच्या निमित्तानं मामाजींनी काय विनवणी केली कोण जाणे, मामी तयार झाल्या. अट एकच.

"एक डाव उभी राह्यते. मंग पुन्हा सांगाचं नाई."

एका डावाचा मामला म्हणून माझ्या मेव्हण्यानं, गजाननानं, अकोल्यातला चांगला फोटोग्राफर ठरवला. आणि मी अमरावतीहून फोन केला, "गजानन, त्याला नाही म्हणून सांग. फोटो मी काढतो."



"भाऊजी, तुमी कायले तरास घेता? तुमी आपले पाटावर बसा ना, मानाचे."

"त्रास कसला! अशी लेन्स अख्ख्या वऱ्हाडात नसेल."

आमच्याकडे जवायाला नाही म्हणता येत नाही. दुसरा कोणी असता तर गजाननानं त्याला दोन शब्दांत वाटेला लावला असता. जवायाला तो म्हणाला, "तुमी म्हनसान तसं." मी पुढं जाऊन हेही फर्मावलं, की मी फोटो काढताना कोणीही मोबाईल बाहेर काढायचा नाही. सगळे तिकडेच बघतात, नजरा फाकतात! तेही मान्य झालं. जवायाचा मान ठेवायचा म्हणजे किती ठेवायचा, याला कुठे तरी मर्यादा हवी की नाही? पण नाही!

एप्रिलचा महिना. अकोल्याचा एप्रिल ज्यानं पाहिलाय त्याला वर्णन नको आणि ज्यानं पाहिला नाही त्याला पटणार नाही. मांडवात दोन दांडगे कूलर घोंघावत होते. मामाजी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, नुकत्याच मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं सगळ्यांकडे करकरीत नजरेनं बघत उभे. शेजारी जांभळ्या पातळात मामी. मी कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत दोन मामाजी आणि दोन मामी. उजवीकडचा खालचा कोपरा त्या भल्यामोठ्या लेन्सनंच झाकलेला, त्यामुळे तिथे काय चाललंय ते देवालाच ठाऊक. कडी फिरवली. मामाजी एक झाले. मामी दोनच!

"मामी, जरा पुढे या."

मामी पुढं आल्या. त्या एक झाल्या, मामाजी दोन झाले.

"मामाजी, तुम्ही हलू नका ना!"

"मी खांबासारका उभा हावो. तुमीच हालून राहिले."

"बरं, आता थोडं हसा."

"काऊन?"

"फोटोसाठी."

"भितीवर लटकून हासनारा मानूस बरा दिसते का?"

मी खटाखट फोटो काढत सुटलो. तिकडे पंगत खोळंबली. पाहुण्यांपैकी कोणीतरी, रोडगे थंड होऊन राहिले, असं दुसऱ्याला मोठ्यानं सांगितलं, म्हणजे मला सांगितलं. मामी माझ्याशी थेट बोलत नाहीत. जवायाशी बोलायची त्यांची रीत लेकीमार्फत. त्या म्हणाल्या, "सुषमा, इचार त्याईले, झालं का म्हना."

"शेवटचे दोन-चार!"

तेवढ्यात गजाननाची बायको वैशाली पदर सावरत जवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, त्या लेन्सीवरचं कायं झाकन... ते तसंच ठेवा लागते का?"

(लेन्समधून दिसत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. झाकण असलं काय, नसलं काय, खिडकीत सगळं लख्ख!)

"हो," मी म्हणालो. "पहिल्या काही फोटोंना ठेवतात. कॅमेरा तापावा लागतो."

"असं काय," वैशाली म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. मी झाकण खिशात घातलं आणि उरलेला रोल घाईघाईनं संपवला. शेवटचा फोटो मात्र असा जमला, की खिडकीत मामाजीही एक आणि मामीही एक! मी आनंदानं बटण दाबलं.

त्या आनंदाच्या भरात मी पुढचं केलं. असले रोल आता अमरावतीत कोणी धूत नाही, मुंबईला पाठवावे लागतात. मी रोलबरोबर सांगून टाकलं, की शेवटचा फोटो चांगला हातभर मोठा करा, सोनेरी चौकटीत बसवा आणि माझ्याकडे न पाठवता थेट अकोल्याला धाडा. सरप्राईज!

मग सुरू झालं वाट बघणं. मी घरात येरझारा घालायचो, ग्रंथालयात कपाटांमधून येरझारा घालायचो. मामाजींचा रोज सकाळी फोन.

"जवाईबुवा, फोटो कोठवर आला?" जणू फोटो मुंबईहून पायी निघाला होता!

"येईल मामाजी, चांगल्या कामाला वेळ लागतो."

"येऊ द्या. तुमची मामी बी इचारून राह्यली. ते कधी इचारत नाई."

आणि एका सकाळी कॉलेजात असताना मुंबईहून सगळे फोटो मोबाईलवर येऊन पडले. पहिले काही काळेकुट्ट. ते झाकणाचे. पुढच्यांत दोन धुरकट आकृत्या होत्या, एक पांढरी आणि एक जांभळी, पाण्यात खडूची भुकटी पडावी तशा. आणि त्यांच्या मागे कूलर. काय कूलर आला होता म्हणता! त्याच्या जाळीतली वाळ्याची काडी न् काडी मोजून घ्या. कूलरशेजारी गार हवा खात आचारी उभा, त्याच्या बनियनचं भोकसुद्धा स्पष्ट. खिडकी सांगत होती मामाजी, आणि लेन्स धरत होती आचारी! लेन्सवाला म्हणाला होता ते हेच, की दोघांचं जमत नाही. मी शेवटचा फोटो उघडला. तोही तसाच. फक्त त्यात आचारी कान कोरत होता.

मी मुंबईला फोन लावला. "तो मोठा फोटो पाठवू नका!"

"सर, तो तर गेला. आज पोचेल."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी धावत स्टँड गाठला आणि अकोल्याची गाडी पकडली. बडनेरा येईपर्यंत गजाननाला फोन लावत होतो, उचलायला तयार नाही. मग सुषमाला लावला.

"तू फोन करून सांग, पार्सल आलं तर उघडू नका म्हणावं!"

"काऊन? काय झालं?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. जरा वेळानं तिचाच फोन आला.

"वैशालीसंग बोलली मी. उघडलं म्हनते."

"मग? मामाजी काय म्हणाले?"

"काईच नाई. चष्मा पुसून राह्यले म्हनते."

मूर्तिजापूरला गाडी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. मी आतल्या आत उकळत होतो. पुन्हा फोन.

"आता जुना चष्मा मागतला."

"अगं, कोणी त्यांना सांगत का नाही, फोटोच तसा आहे म्हणून?"

"जवायानं काढला ना! कोन सांगीन?"

"तू सांग!"

"मी कायले? तुमचं कौतुक तुमीच सांगा."

शेजारी बसलेले एक काका माझी तडफड मघापासून बघत होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "घरचं कोनी शिरेस हाय काय?"

"हो... म्हणजे नाही. फोटो आहे."

काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि खिडकीकडे सरकून बसले. फोन पुन्हा वाजला.

"अवं, आता बाबानं गजाननाचा चष्मा लावून पाह्यला. काई जमलं नाई. म्हनतात, डोया गेला माहा. ऑपरेशन फेल झालं म्हनतात. पायात चपला घातल्या त्याईनं!"

अकोल्याला उतरून रिक्षानं घर गाठलं, तर दारात दुसरी रिक्षा उभी. मामाजी आत बसलेले, मांडीवर सोनेरी चौकट. शेजारी मामी, चेहरा पांढरा पडलेला. गजानन ड्रायव्हरजवळ दाटीवाटीनं. मला बघताच मामाजींचा आवाज भरून आला. त्या जिनिंगवाल्या माणसाचा आवाज मी कधी भरलेला ऐकला नव्हता.

"या जवाईबुवा. तुमी एवढा मेहनतीनं फोटो काढला, अन् माह्या नशिबी पाहनं नाई. पन्नास वर्सात पयल्यांदा हे संग उभी राह्यली, अन् मले नुसतं धुकट दिसून राह्यलं."

"मामाजी, फोटो जरा..."

"फोटो झकासच असन. एवढी महागाची मशीन. माहाच डोया गेला."

आता सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं. "गजानन, तू तरी..." गजानन आकाशाकडे बघत होता. वैशाली दारातून म्हणाली, "लय सुंदर आला भाऊजी फोटो!" आणि तिला ठसका लागला. मी रिक्षात, राहिलेल्या वीतभर जागेत, शिरलो. रस्ताभर मामी पदरानं डोळे टिपत होत्या आणि मी दर गतिरोधकाला बोलायचं ठरवत होतो.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंसमोर मामाजींनी सरळ तोफ डागली.

"बाई, डोया खराब केला तुमी माहा."

बाई शांत होत्या. त्यांनी मामाजींच्या नाकावर तो तपासणीचा लोखंडी चष्मा चढवला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मामाजींनी मोठी ओळ वाचली. मधली वाचली. सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचली. त्याच्याही खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं!

"आजोबा, या वयात असा डोळा मी बघितला नाही. तुम्हाला दिसत काय नाही?"

मामाजींनी मांडीवरची चौकट पुढं केली. बाईंनी ती बघितली. लांब धरली. मग स्वतःचा चष्मा काढून पुसला.

"यात तर मलाही काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कूलर तेवढा छान आलाय. हा कानात काडी घालणारा कोण?"

"आचारी," गजानन म्हणाला. इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्याच्या नाकातून सटकलं.

"तुमचा डोळा ठणठणीत आहे हो आजोबा. फोटोच बिघडलाय. कोणी काढला?"

गजानन छताकडे बघायला लागला. जवायाचा मान! मामाजींची मान मात्र हळूहळू माझ्याकडे वळली, तो लोखंडी चष्मा नाकावर तसाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात मामी हसायला लागल्या.

कशा हसल्या म्हणून सांगू! मघापासून जीव मुठीत धरलेली बाई. नवऱ्याचा डोळा शाबूत आहे एवढंच तिला कळलं होतं, बाकी फोटो गेला चुलीत! पदर डोक्यावरून घसरला, एका हातानं मामाजींचा खांदा धरला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसत राहिल्या. मामाजी आधी गुरकावले, "काऊन हासतं वं?" पण मग त्यांच्याही मिशा थरथरल्या.

माझ्या शेजारून बारीक खट् असा आवाज झाला. गजाननानं मोबाईलवर टिपलं होतं.

आज तो फोटो अकोल्याच्या बैठकीत लागला आहे. मामी पोट धरून हसताहेत, मामाजी तपासणीच्या चष्म्यात, मागं अक्षरांचा तक्ता. साधासा, नीट फोटो आम्ही पुन्हा काढू, असं मी सुचवून बघितलं. "पुन्हा सांगाचं नाई म्हनलं होतं," एवढंच उत्तर सुषमामार्फत आलं. मामाजींना त्याची गरजही वाटत नाही. भिंतीवर हसणारा माणूस बरा दिसत नाही, हे त्यांचं मत केव्हाच बदललं आहे.

परवाच गेलो होतो. बैठकीत मामाजींचे जिनिंगमधले एक जुने मित्र बसले होते. मी आपला एका कोपऱ्यात चहा पीत होतो. ते फोटोकडे बघून म्हणाले, "वा! काय फोटो आला राव! कोनी काढला? तुमच्या जवायाले फोटोचा नाद हाय म्हनतात, त्याईनं काय?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मोठ्या मायेनं बघितलं.

"जवाई होते ना तठी," ते म्हणाले. "पन देवाच्या दयेनं त्याईच्या हातात कॅमेरा नोता."